‘गार्बेज व्हॅल्यू’चा इतिहास : ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमधील हीप स्मृतीच्या शुद्धीकरणाची वाटचाल

प्रस्तावना

सी भाषेच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो. स्थानिक चलाला आरंभी किंमत दिली नाही तर त्यात काय असते? विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता ‘गार्बेज व्हॅल्यू’ असे उत्तर देतो, परीक्षक मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न येतो. प्रस्तुत लेखकाने हे उत्तर विद्यार्थिदशेत स्वतः दिले आहे आणि अध्यापक म्हणून असंख्य वेळा ऐकले आहे. परंतु हा कचरा येतो कोठून आणि तो मुळात कोणाचा असतो, हा उपप्रश्न सहसा विचारला जात नाही. संगणकात कचरा आपोआप निर्माण होत नाही. ज्याला आपण गार्बेज म्हणतो तो आधीच्या कोणा वापरकर्त्याचा किंवा आधीच्या कोणा कामाचा मागे राहिलेला मजकूर असतो. त्यात निरर्थक आकडे असतील, तसेच एखाद्याचा पासवर्डही असेल.

हा मागे राहिलेला मजकूर कोणी पुसायचा, जागा देणाऱ्याने की घेणाऱ्याने, या प्रश्नाचा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यापुरता इतिहास मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८३ मध्येच लिहून ठेवले होते. ते प्रत्यक्ष व्यवहारात, तेही सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालींच्या गाभ्यात, २०१९-२० च्या सुमारास उतरले. मधल्या साडेतीन दशकांत ज्ञानाचा अभाव नव्हता. मग अडले कोठे, हा या लेखाचा खरा विषय आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी

संगणकशास्त्राबाहेरील वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. लष्करातील कर्नलशी त्याचा काही संबंध नाही. बीमधील गर या अर्थाचा तो शब्द आहे. संगणकाची स्मृती, म्हणजेच मेमरी, चकती, जाळे, कळफलक या सर्वांवर कर्नलची सत्ता असते आणि आपण चालवतो ते सर्व प्रोग्रॅम त्याच्याकडे अर्ज करूनच ही साधने वापरतात. कर्नलला स्वतःच्या कामासाठीही स्मृती लागते. एखादी फाइल उघडली की तिची नोंद ठेवण्यास जागा हवी, जाळ्यावरून संदेश आला की तो उतरवून घेण्यास जागा हवी. या जागा गरजेप्रमाणे घेतल्या जातात आणि काम संपले की परत केल्या जातात. अशा देवघेवीसाठी राखलेल्या स्मृतीला हीप म्हणतात. तोंडी परीक्षेतील स्थानिक चल ज्या स्टॅक नावाच्या भागात राहतात तो वेगळा, परंतु मागे राहिलेल्या मजकुराचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

हीपमधील देवघेव शाळेतील सामाईक पाट्यांसारखी चालते. एका मुलाने पाटी परत केली की ती दुसऱ्याच्या हाती जाते. पहिल्याने ती पुसली नसेल आणि दुसऱ्यानेही न पुसता तिच्यावर चार अक्षरे लिहून ती गुरुजींना दाखवली, तर गुरुजींना चार अक्षरांसोबत पहिल्या मुलाचे उरलेले लेखनही दिसते. कर्नलच्या बाबतीत गुरुजींच्या जागी कोणताही सामान्य प्रोग्रॅम असतो, आणि त्याला पाटीवरील त्या उरलेल्या मजकुराचा अधिकार नसतो.

सी भाषेचा वारसा

बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी भाषा आकारास आणली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल त्या भाषेत नव्याने लिहिला गेला. पुढे लिनक्स, विंडोज एनटी आणि ॲपलच्या प्रणाली या सर्वांचे कर्नल प्रामुख्याने याच भाषेत लिहिले गेले. सी भाषेचा स्वभाव काटकसरीचा आहे. जे सांगितले नाही ते ती करीत नाही. १९८९ च्या प्रमाणित सीमध्ये स्मृती मागण्याचे दोन मार्ग शेजारी शेजारी उभे आहेत. मॅलॉक या फलनाने मिळालेल्या जागेतील मजकूर अनिश्चित असतो, तर कॅलॉकने मिळालेली जागा शून्याने भरलेली असते. म्हणजे कोरी पाटी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. न मागितल्यास आहे तशी मिळते.

येथे एक बारीक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. त्याच सी भाषेत प्रोग्रॅमभर उपलब्ध असणारे चल आपोआप शून्य होतात. म्हणजे भाषाकर्त्यांना कोऱ्या पाटीचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. जिथे शून्य करणे एकदाच घडते आणि स्वस्त पडते तिथे त्यांनी ते दिले, आणि जिथे ते क्षणोक्षणी करावे लागले असते तिथे ते प्रोग्रॅमरच्या विवेकावर सोडले. त्या काळच्या यंत्रांचा वेग पाहता हा निर्णय रास्तच होता. मात्र त्या निर्णयामागील कारण नाहीसे झाल्यावरही तो रूढी म्हणून टिकला.

लिनक्सच्या कर्नलमध्ये मॅलॉकच्या धर्तीवर केमॅलॉक आहे. जागा घेणे आणि ती शून्य करणे ही दोन्ही कामे एका दमात करणारे केझॅलॉक हे फलन तेथे २००५ मध्ये आले. तोपर्यंत हजारो ठिकाणी जागा मागणे आणि ती पुसणे या दोन वेगळ्या ओळी होत्या, आणि दुसरी ओळ लिहायची राहून गेली तरी प्रोग्रॅम बिनबोभाट चालत असे.

नारिंगी पुस्तक आणि सीमारेषेचा प्रश्न

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८३ च्या ऑगस्टमध्ये विश्वासार्ह संगणक प्रणालींच्या मूल्यमापनाचे निकष प्रसिद्ध केले आणि १९८५ च्या डिसेंबरमध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. मुखपृष्ठाच्या रंगावरून हा दस्तऐवज ऑरेंज बुक म्हणून ओळखला जातो. त्यातील सी-टू या श्रेणीसाठी ‘वस्तूंचा पुनर्वापर’ या नावाची एक अट आहे. स्मृतीचा वा चकतीचा कोणताही भाग एकाकडून दुसऱ्याकडे जाताना पहिल्याची माहिती, अगदी सांकेतिक स्वरूपातसुद्धा, दुसऱ्याच्या हाती लागता कामा नये, असा तिचा आशय आहे. पाटी कोरी करण्याची जबाबदारी या निकषांनी निःसंदिग्धपणे प्रणालीवर टाकली. १९९२ मध्ये या एकाच अटीचे विवरण करणारी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिकाही निघाली.

व्यापारी प्रणालींनी ही अट पाळली, परंतु ती एका विशिष्ट सीमेवर पाळली. कर्नल जेव्हा सामान्य प्रोग्रॅमला स्मृतीचे पान देतो तेव्हा ते शून्य करून देतो. विंडोज एनटीमध्ये तर यासाठी सर्वांत खालच्या, म्हणजे शून्य अग्रक्रमाचा एक वेगळा धागा ठेवलेला होता. यंत्राला दुसरे काही काम नसले की तो मोकळी पाने पुसून ठेवी. एनटी ३.५ ला १९९५ मध्ये सी-टू श्रेणी मिळाली. युनिक्स वंशातील प्रणालीही वापरकर्त्याला नवे पान शून्य करूनच देत. या अर्थाने प्रश्न सुटला होता.

तो सुटला नव्हता, याचे कारण त्या सीमेच्या कल्पनेतच होते. कर्नलच्या आत जी देवघेव चालते ती एकाच घरातील आहे आणि घरातल्या घरात पाटी पुसण्याची गरज नाही, असे गृहीत धरले गेले. कर्नल हा एकच विश्वासू घटक मानला तर हे गृहीत तर्कशुद्ध आहे. परंतु कर्नल आपल्या पाट्या घरात ठेवून बसत नाही. प्रोग्रॅमने एखाद्या फाइलची माहिती विचारली की तो हीपमधील नोंदीची नक्कल करून बाहेर देतो. अशा प्रत्येक नकलेत घराच्या आतला कचरा उंबरठा ओलांडू शकतो. पान पुसून देण्याचा नियम येथे उपयोगी पडत नाही, कारण पान कोरे दिले तरी त्यावर उतरवलेल्या मजकुरातच उरलेसुरले मिसळलेले असते.

बॉनविक यांची युक्ती

१९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे जेफ बॉनविक यांनी युझनिक्स परिषदेत स्लॅब नावाच्या वाटपयंत्रणेवरील निबंध सादर केला. ती यंत्रणा सनओएस ५.४ साठी बनवलेली होती. त्यांचे मुख्य निरीक्षण असे होते की, कर्नलमध्ये एकाच प्रकारच्या वस्तू पुनःपुन्हा घेतल्या आणि परत केल्या जातात, आणि अनेकदा जागा मिळवण्यापेक्षा त्या जागेत वस्तूची आरंभीची घडी बसवण्यास अधिक वेळ लागतो. मग परत आलेली वस्तू मोडून पुन्हा नव्याने का उभारायची? तिची घडी तशीच ठेवावी आणि पुढच्या मागणीला ती आयती द्यावी. पहिल्यांदा घडी बसवणाऱ्या फलनाला कन्स्ट्रक्टर म्हणतात, आणि ते दर वाटपास न चालता जागा प्रथम तयार होताना एकदाच चालते.

ही कल्पना सुंदर आहे आणि तिचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही. लिनक्सने १९९९ च्या २.२ या आवृत्तीपर्यंत ती स्वीकारली होती. मात्र इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ लक्षात घ्यायला हवा. वाटपयंत्रणेच्या इतिहासातील या सर्वांत प्रभावी निबंधाचा पायाच मुळी ‘पुन्हा प्रारंभीकरण करू नका’ हा होता. पाटी न पुसणे हे येथे निष्काळजीपण न राहता कौशल्य ठरले.

स्लॅबच्या कुटुंबातच आणखी एक प्रथा वाढली, ती दोष शोधण्यासाठी जागा मुद्दाम विषारी करण्याची. सोलारिसमध्ये परत आलेल्या जागेत ‘डेडबीफ’ आणि नव्याने दिलेल्या पण न लिहिलेल्या जागेत ‘बॅडकॅफे’ असे वाचता येणारे षोडशमान आकडे भरले जात. इंग्रजी अक्षरांतून असे शब्द जुळवण्याची ही विनोदबुद्धी कर्नल लिहिणाऱ्या पिढीची ओळखच आहे. ही सोय चाचणीच्या वेळी चालू करावी आणि ग्राहकाकडे यंत्र गेल्यावर बंद ठेवावी, असा संकेत होता. म्हणजे पाटी पुसण्याची यंत्रणा १९९० च्या दशकातच अस्तित्वात होती. ती प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडली नव्हती.

गळतीचे पुरावे

पहिला गाजलेला पुरावा जाळ्याच्या तारेवरच सापडला. ईथरनेटच्या चौकटीत किमान ४६ बाइट मजकूर असावाच लागतो. संदेश त्याहून लहान असेल तर उरलेली जागा भरून काढावी लागते. पत्ता विचारणारा एआरपी संदेश २८ बाइटांचा असतो, म्हणजे १८ बाइट भरण लागते. हे भरण शून्यांचे असावे असे १९८४ च्या मानकात म्हटले होते. परंतु अनेक चालकप्रोग्रॅम हे भरण न करता स्मृतीत पुढे जे काही असेल ते तसेच तारेवर सोडत. जानेवारी २००३ मध्ये ॲटस्टेक या संस्थेच्या ओफिर अर्किन आणि जॉश अँडरसन यांनी हे उघड केले. त्या दोषाला ईथरलीक असे नाव पडले. एका वेळी बाहेर पडणारे तुकडे लहान असत, पण त्याच जाळ्यावरील कोणीही साधा प्रतिसाद वारंवार मागवून ते गोळा करू शकत होता. त्यासाठी यंत्रावर खाते असण्याचीही गरज नव्हती.

दुसरे उदाहरण चकतीवरचे आहे आणि अध्यापनासाठी ते फार उपयुक्त आहे. लिनक्सच्या ईएक्सटी-टू या फाइलप्रणालीत नवी डिरेक्टरी तयार केली की तिच्यासाठी एक ठोकळा राखला जातो. रिकाम्या डिरेक्टरीत फक्त दोन नोंदी असतात, एक स्वतःची आणि एक वरच्या डिरेक्टरीची, आणि त्या दोहोंना मिळून २४ बाइट पुरतात. ठोकळा ४०९६ बाइटांचा असेल तर ४०७२ बाइट मोकळे राहतात. २००५ पर्यंतचा कर्नल हे ४०७२ बाइट न पुसता ठोकळा चकतीवर लिहीत असे. याचा अर्थ असा की, एखाद्याने पेन ड्राइव्हवर रिकामी डिरेक्टरी बनवून तो ड्राइव्ह मित्राला दिला, तर तिच्यासोबत कर्नलच्या स्मृतीचे जवळजवळ एक पूर्ण पानही जाऊ शकत होते. २.६.११.६ या आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला. दुरुस्ती जेमतेम एका ओळीची होती: जागा आधी शून्य करा.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण तो डोळ्यांनी वाचून सापडत नाही. समजा एका नोंदीत १ बाइटाचे एक आणि ४ बाइटांचे दुसरे अशी दोन क्षेत्रे आहेत. यंत्राला ४ बाइटांची संख्या चारच्या पटीतील पत्त्यावर सोयीची पडते, म्हणून कंपायलर दोन क्षेत्रांमध्ये ३ बाइटांची फट सोडतो. प्रोग्रॅमर दोन्ही क्षेत्रांत इमानाने किंमत भरतो. नंतर संपूर्ण ८ बाइटांची नोंद बाहेर दिली जाते आणि तिच्यासोबत फटीतील ३ बाइटही जातात. ज्या जागेला प्रोग्रॅममध्ये नावच नाही ती पुसायला प्रोग्रॅमरला सुचणार कसे? सावध राहा, हा उपदेश येथे अपुरा पडतो.

असे दोष किती होते? एमआयटीतील हाओगांग चेन आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० ते मार्च २०११ या काळातील लिनक्स कर्नलच्या १४१ सुरक्षा-दोषांचे वर्गीकरण केले. त्यातील २९ प्रारंभीकरण न केलेल्या माहितीचे होते, आणि सर्व वर्गांत हीच संख्या सर्वाधिक होती. विंडोजबाबत गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधील मातेउश युरचिक यांनी वेगळा मार्ग धरला. संपूर्ण यंत्राचे अनुकरण करणाऱ्या बॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी विंडोज चालवली, न लिहिलेल्या प्रत्येक बाइटाला खूण केली, आणि खूण असलेला बाइट कर्नलच्या उंबरठ्याबाहेर पडला की त्याची नोंद केली. २०१७-१८ मधील या कामातून विंडोजमध्ये ७० हून अधिक गळत्या सापडल्या. सी-टू श्रेणी मिळालेल्या कर्नलच्याच वंशातील ही प्रणाली होती, हे येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही.

अशा गळतीतून पासवर्ड बाहेर पडेलच असे नाही, आणि म्हणूनच बराच काळ तिला दुय्यम लेखले गेले. परिस्थिती पालटली ती कर्नलचे स्मृतीतील ठिकाण दर वेळी बदलते ठेवण्याच्या उपायामुळे. लिनक्समध्ये हा उपाय २०१४ च्या ३.१४ या आवृत्तीत आला. हल्लेखोराला कर्नल कोठे आहे हेच कळू नये, हा त्याचा हेतू. परंतु पुसल्या न गेलेल्या ८ बाइटांत कर्नलमधील एखादा पत्ता असेल तर ते गुपित तेथेच फुटते आणि दुसऱ्या एखाद्या दोषाचा मार्ग मोकळा होतो. क्षुल्लक वाटणारी गळती अशा रीतीने मोठ्या घरफोडीची किल्ली ठरली.

पुसले तरी न पुसलेले

जबाबदारी प्रोग्रॅमरवर ठेवण्यात आणखी एक अडचण होती. एखाद्या दक्ष प्रोग्रॅमरने गुप्त किल्ली वापरून झाल्यावर ती जागा शून्य केली आणि मग परत केली, तरी कंपायलर ते शून्यीकरण वगळू शकतो. त्याचा तर्क असा की, यानंतर ही जागा कोणी वाचणारच नाही, तेव्हा तेथे लिहिणे व्यर्थ आहे. कंपायलरच्या नियमांत हा तर्क निर्दोष आहे. गुपित ही संकल्पनाच त्या नियमांत नाही. म्हणून लिनक्सला २०१४ मध्ये कंपायलरला वगळता येणार नाही असे शून्यीकरणाचे खास फलन घ्यावे लागले. ओपनबीएसडीनेही त्याच वर्षी तसेच फलन आणले. संवेदनशील जागा पुसून परत करणारे केझेडफ्री हे लिनक्समधील फलन २००९ पासून होते. २०२० मध्ये त्याचे नाव बदलून केफ्री-सेन्सिटिव्ह करण्यात आले, जेणेकरून त्याचा हेतू नावातच दिसावा.

विलंबाची कारणे

सर्वसाधारण उपाय मात्र बराच आधी सुचवला गेला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जिम चाउ, बेन फाफ, टाल गार्फिंकेल आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी २००४ मध्ये संवेदनशील माहिती स्मृतीत किती काळ टिकते याचा माग काढला, आणि २००५ मध्ये ‘सुरक्षित परतावा’ ही कल्पना मांडली. परत येणारी प्रत्येक जागा, मग ती प्रोग्रॅमच्या हीपमधील असो वा कर्नलच्या, तत्काळ किंवा थोड्याच वेळात शून्य करावी, असे त्यांचे म्हणणे होते. तसे न केल्यास माहिती दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे, काही वेळा यंत्र पुन्हा सुरू केल्यानंतरही राहते, आणि पुसण्याचा खर्च नगण्य आहे, असे त्यांनी दाखवले. वीज तोडल्यावरही स्मृतिचिपांमधील मजकूर काही काळ टिकतो, हे प्रिन्स्टनच्या गटाने २००८ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवले. लिनक्ससाठी पॅक्स या नावाने निघणाऱ्या बाह्य दुरुस्तीसंचात मोकळी स्मृती पुसण्याचा पर्यायही होता, पण तो मुख्य कर्नलच्या बाहेर होता आणि हौशी वा जागरूक लोकच तो लावत.

मग मुख्य प्रवाहाने ते का घेतले नाही? वेगाचा आक्षेप सर्वांना माहीत आहे. जागा घेणारा ती लगेच भरणारच असेल तर आधी शून्य करणे हे दुहेरी काम आहे, आणि कर्नलमध्ये असे वाटप क्षणाला हजारो वेळा होते. हा आक्षेप खोटा नव्हता. परंतु त्याच्या मागे दुसरा, अधिक खोल आक्षेप होता, तो संस्कृतीचा. पाटी नेहमीच कोरी मिळाली तर ती पुसण्याचे विसरणाऱ्याची चूक कधीच उघडी पडणार नाही, दोष झाकले जातील आणि प्रोग्रॅमर आळशी होतील, असे अनेक अनुभवी लोकांना वाटे. चूक जिथे झाली तिथेच ती दुरुस्त करावी, हा कर्नल समुदायाचा बाणा होता. प्रत्येक गळतीवर एका ओळीची दुरुस्ती होत राहिली आणि नव्या गळत्याही येत राहिल्या.

प्रस्तुत लेखकाच्या मते या युक्तिवादातील उणीव हिशेबाची होती. पुसण्याचा खर्च टक्क्यांत मोजता येत होता आणि तो प्रणाली बनवणाऱ्याच्या खाती पडत होता. न पुसण्याचा खर्च ज्याचा मजकूर बाहेर गेला त्याच्या खाती पडत होता, आणि बहुतेक वेळा त्याला त्याचा पत्ताही लागत नसे. अशा वहीत जमाखर्च जुळवायला बसल्यावर ‘परवडत नाही’ असे उत्तर निघाले तर नवल नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड दोष उघड झाला. तो कर्नलमधला नव्हता आणि त्याचे मूळ कारणही वेगळे होते, पण स्मृतीतील उरलेला मजकूर बाहेर पडणे म्हणजे काय, हे सामान्य वृत्तपत्रवाचकाला त्या वेळी प्रथम कळले. नोव्हेंबर २०१५ मध्ये कीस कुक यांनी लिनक्स कर्नलच्या आत्मसंरक्षणाचा प्रकल्प सुरू केला. एकेक दोष दुरुस्त करीत बसण्यापेक्षा दोषांचे संपूर्ण वर्गच निकालात काढावेत, ही त्याची भूमिका होती. पॅक्समधील कल्पनांवर आधारलेले पानांचे शून्यीकरण २०१६ च्या ४.६ मध्ये आले.

२०१९-२० : कोरी पाटी हा नियम

सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ५.३ मध्ये गूगलचे अलेक्झांडर पोतापेंको यांनी तयार केलेले दोन पर्याय दाखल झाले. इनिट-ऑन-अलॉक हा पर्याय जागा देताना ती शून्य करतो, तर इनिट-ऑन-फ्री परत घेताना. कर्नलच्याच दस्तऐवजात त्यांचा खर्च नोंदवलेला आहे. देताना पुसल्यास बहुतेक कामांत १ टक्क्याहून कमी आणि कृत्रिम चाचण्यांत कमाल ७ टक्के. घेताना पुसल्यास बहुधा ३ ते ५ टक्के आणि कमाल ८ टक्के.

काम एकच असताना हा फरक का पडावा? जी जागा आता दिली जात आहे तिच्यावर लगेच लेखन होणार असते. ती शून्य करताना प्रक्रियकाजवळच्या जलद स्मृतीत येते आणि पुढचे लेखन तेथेच स्वस्तात होते, म्हणजे पुसण्याचा बराचसा खर्च भरून निघतो. परत येणारी जागा मात्र पुन्हा केव्हा लागेल याचा भरवसा नसतो. तिच्यासाठी केलेली धावपळ वाया जाते. उलट संरक्षणाच्या दृष्टीने घेताना पुसणे अधिक कडक आहे, कारण मजकूर कपाटात पडून राहतच नाही. धर्मशाळेतील खोली जाणाऱ्यामागे लगेच झाडावी की येणाऱ्यापुढे, असा हा वाद आहे. व्यवहारात दुसरे उत्तर अधिक रुजले. अँड्रॉइडने २०२० च्या ११ व्या आवृत्तीच्या सुमारास देताना पुसण्याचा पर्याय आपल्या कर्नलसाठी स्वीकारला, आणि आपल्याकडील बहुसंख्य मोबाइल अँड्रॉइडचेच असल्याने हा बदल सर्वांच्या खिशापर्यंत पोहोचला.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीत एक्स-ॲलोकेट-पूल-टू हे नवे फलन आणले. त्यातून मिळणारी जागा मुळातच शून्य असते. न पुसलेली जागा हवी असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते. सी भाषेतील १९८९ च्या मॅलॉक-कॅलॉक जोडीशी याची तुलना करून पाहावी. तेथे कोरी पाटी मागून घ्यावी लागत होती, येथे मळकी मागून घ्यावी लागते. दिसायला हा एका खुणेचा बदल आहे, पण विसरल्याचे परिणाम त्याने उलटे करून टाकले.

दोष झाकले जातील या जुन्या आक्षेपाला उत्तर देण्याचे काम वेगळ्या साधनावर सोपवले गेले. २००९ मध्ये आलेले केमेमचेक संथ होते आणि ते २०१८ मध्ये कर्नलमधून गळले. त्याची जागा घेणारे केएमसॅन डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये आले. तेही पोतापेंको यांच्याच पुढाकाराने घडले. न लिहिलेला बाइट कोठे वापरला गेला हे ते दाखवते, आणि त्यासाठी पाटी मळकीच असावी लागते; म्हणून केएमसॅन चालू असलेल्या कर्नलमध्ये देताना पुसण्याचा पर्याय मुळातून चालू ठेवता येत नाही. ज्याने पाटी कोरी करण्याचा नियम आणला त्यानेच ती मळकी ठेवून चुका पकडण्याचे साधनही बनवले, हे पाहता आळसाचा आक्षेप तितकासा उरत नाही.

शिल्लक राहिलेला अपवाद

लिनक्समधील या नियमाला काही अपवाद आहेत. ज्या वस्तूंच्या साठ्याला कन्स्ट्रक्टर नेमलेला आहे त्या वस्तू देताना शून्य केल्या जात नाहीत. त्या शून्य केल्या तर आधीपासून बसवलेली घडीच पुसली जाईल आणि कर्नल कोसळेल. दुसरा अपवाद काही विशिष्ट साठ्यांचा आहे, जिथे वस्तू परत केल्यानंतरही एखादा वाचक क्षणभर तिच्याकडे पाहत असू शकतो. तेथेही जुना मजकूर मुद्दाम राखला जातो. बॉनविक यांच्या निबंधावरून बेतलेली आणि स्लॅब हेच नाव असलेली मूळ यंत्रणा लिनक्सने २०२४ च्या ६.८ या आवृत्तीत काढून टाकली. तिच्या जागी आता २००७ पासूनची स्लब एवढीच यंत्रणा उरली आहे. परंतु कन्स्ट्रक्टर स्लबमध्येही आहेत. अशा साठ्यांतील वस्तू आजही पूर्वीच्या वापराचा मजकूर घेऊनच पुढच्या हाती जातात, आणि त्यातील कोणते क्षेत्र नव्याने लिहायचे आणि कोणते नाही, हे तेथे अद्याप प्रोग्रॅमरच ठरवतो.